नागलीच्या मोडापासून धातूच्या जाळीपर्यंत



सुरगाण्यात विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर बोलायचं तर सुरुवात नागलीपासूनच करायला हवी. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून दळायची. हे इथल्या मायबहिणींना मी सांगायला नको. पण घरी गेल्यावर एक करून पाहा. मोड न आणलेल्या नागलीच्या पिठाची घट्ट पेज शिजवा. बोटाला सोसेल इतकी निवली की त्यात मोडाचं पीठ चमचाभर घाला आणि ढवळत राहा. बघता बघता पेज सैल होते, पळीवरून ओघळू लागते. तेच मोडाचं पीठ आधी पाण्यात चांगलं उकळून घेतलंत, तर मात्र पेज घट्टच राहते.

मोड फुटताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं. पिठातल्या स्टार्चच्या लांब साखळ्या ते तोडतं, म्हणून पेज पातळ होते. विकर हे प्रथिन आहे. त्याची विशिष्ट घडी शाबूत असेल तोवरच ते काम करतं. उकळलं की घडी मोडते. नाजूकपणा ही विकरांची पहिली अडचण.

दुसरी अडचण कारखान्यात कळते. स्टार्चपासून ग्लुकोज करताना ग्लुकोअमायलेज हे विकर वापरतात. काम झाल्यावर ते द्रावणातच विरघळून राहतं, परत काढता येत नाही. पुढच्या घाण्याला नवं विकर घ्यावं लागतं.

म्हणून विकराला एखाद्या घन पदार्थावर बसवण्याची कल्पना आली. १९१६ साली नेल्सन आणि ग्रिफिन यांनी साखर फोडणारं इन्व्हर्टेज कोळशावर बसवलं. तिथेही ते काम करत राहिलं. १९६९ मध्ये जपानच्या तानाबे सेयाकू कंपनीत इचिरो चिबाता यांनी अशी स्थिर केलेली विकरं प्रत्यक्ष उत्पादनात आणली.

या वाटेवरचं आजचं पाऊल म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू एकमेकांना जोडून केलेल्या सच्छिद्र जाळ्या. त्यांचा पाया घालणारे सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यातली झिफ-८ ही जाळी जस्त आणि २-मिथाइल इमिडॅझोल यांची. तिच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचा आतला पृष्ठभाग पसरला, तर दहा गुंठ्यांहून अधिक जागा व्यापेल! शिवाय ती साध्या पाण्यात, नेहमीच्या तापमानाला तयार होते. त्याच पाण्यात विकर मिसळलं, की स्फटिक त्याच्याभोवतीच वाढतो. विकर आत अडकतं, घडी सावरली जाते, आणि काम संपल्यावर पूड गाळून पुन्हा वापरता येते.

हे काम आपल्या राज्यातही झालं आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे १९३३ साली सुरू झालेल्या पूर्वीच्या यूडीसीटीत, शामराज नाडर आणि वीरेंद्र राठोड यांनी ग्लुकोअमायलेज अशा जाळीत बसवलं. त्याचा टिकाऊपणा वाढल्याचं त्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं.

पण मर्यादाही समजून घ्या. झिफ-८ च्या खिडक्या जेमतेम ०.३४ नॅनोमीटरच्या. अखंड स्फटिकात स्टार्चची साखळी शिरणारच नाही. विकर पृष्ठभागाजवळ किंवा जाळीतल्या उणिवांपाशी असेल, तरच दोघांची गाठ पडते. आम्लात ही जाळी विरघळते. फॉस्फेटही तिला मानवत नाही. म्हणून मोठ्या छिद्रांच्या, अधिक टिकाऊ जाळ्यांचा शोध चालू आहे. माझं मत असं, की अमायलेजसारख्या स्वस्त विकरासाठी हा खटाटोप परवडणं कठीण. औषधनिर्मितीतल्या महागड्या, नाजूक विकरांसाठी मात्र तो मोलाचा ठरेल.

शेवटी इथल्या शिक्षकांना विनंती. येत्या वर्षी वर्गात पातळ पेजेच्या दोन वाट्या ठेवा. एकीत मोडाचं पीठ घाला, दुसरीत तेच उकळलेलं. थोड्या थोड्या वेळाने दोन्हींतला थेंब काढून त्यावर आयोडीन टाका. एकीचा निळा रंग फिका होत जाईल, दुसरीचा टिकेल. असं का झालं, हे मुलांना आधी विचारा. उत्तर मागाहून सांगा.