कॉम्रेड उदल यांचा वारसा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



वाराणसी म्हटले की मराठी माणसाला काशीयात्रा आठवते. त्याच जिल्ह्यातील कोलअसला मतदारसंघातील कष्टकऱ्यांनी कॉम्रेड उदल यांना नऊ वेळा विधानसभेवर पाठविले. १९६७ साली वाराणसीची लोकसभेची जागाही मार्क्सवादी पक्षाच्या सत्यनारायण सिंह यांनी जिंकली होती. धर्मनगरीतील श्रमिकही आपला वर्ग ओळखतो, याचाच हा पुरावा.

बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतर चार वर्षांनी, १९९६ मध्ये, भारतीय जनता पक्षाच्या अजय राय यांच्याकडून उदल पराभूत झाले. अंतर अवघे ४८४ मतांचे!

गिरणगावाला हा घाव अपरिचित नाही. ५ जून १९७० रोजी परळचे आमदार, कामगारनेते कॉम्रेड कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई १,६७९ मतांनी पराभूत झाल्या. शिवसेनेला पहिला आमदार मिळाला.

एवढी मते म्हणजे मोजक्या चाळी, मोजक्या वस्त्या. नेत्यावरील लोकांचा विश्वास ही मोठी ठेव खरी. परंतु ती वारसाहक्काने मिळत नाही. निवडणूक नसतानाच्या दिवसांत वस्तीवस्तीत वर्गसंघटना उभी करणे, हेच कॉम्रेड उदल यांना खरे अभिवादन होय.

लाल सलाम!