पत राखणारा ग्राहक



१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचा पाया घातला. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. दुकानदाराची कर्तव्ये त्यामुळे सर्वतोमुखी झाली आणि ते योग्यच झाले. परंतु चांगला ग्राहक कसा असतो, हे गल्ल्यावर बसणाऱ्यालाच विचारावे.

बुलढाणा जिल्ह्यातील शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावर. कापूस, सोयाबीन विकले जाईपर्यंत हाती रोकड नसते. तेल-मिठापासून मुलांच्या वह्यांपर्यंत सारे किराणा दुकानाच्या उधारीवर चालते. त्या उधारीला ना तारण, ना जामीन, केवळ शब्द. तरीही खामगाव किंवा मलकापूरच्या बाजारात माल विकून परतताना, घराआधी दुकानाची पायरी चढणारे शेतकरी येथे आहेत.

खरी कसोटी लागते ती नापिकीच्या वर्षी. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणाही होता. अशा दिवसांत दुकान टाळून आडवाटेने जाणे सोपे असते. चांगला ग्राहक तसे करीत नाही. जमेल तेवढी रक्कम ठेवून, "बाकी पुढच्या हंगामात" असे तो समोर येऊन सांगतो.

अशा ग्राहकाला उधारीचा म्हणून चढा भाव लावणे किंवा चारचौघांत तगादा करणे, हा त्याच्या सचोटीचा अपमान होय. त्याचा हिशेब चोख आणि मान अबाधित राहिला पाहिजे. कायदा हक्क देतो. पत मात्र दोघांनी मिळूनच राखावी लागते.