चहाच्या दुकानातील चित्रशाळा

चित्र म्हटले की दोन डोंगर, मधे सूर्य आणि खाली नदी, असा आपल्या शाळांतून पायंडाच पडून गेला आहे. पण मुलाने तो डोंगर कधी नीट पाहिलेला असतो का?

२००७ साली अमेरिकेतील सिएटल शहरी गॅब्रिएल कांपानारिओ या वृत्तपत्रातील चित्रकाराने एक उपक्रम सुरू केला. नियम साधा : छायाचित्रावरून नव्हे, जागेवर बसून, दिसेल ते काढायचे. आता मुंबई-पुण्याकडची मंडळीही चहाच्या दुकानांत वह्या उघडून बसतात. मुंबईच्या धोबी तलावावरचे ‘बस्तानी’ हे जुने इराणी हॉटेल २००४ साली बंद झाले. ज्याने ते वेळीच रेखाटले, त्याच्या वहीत ते अजून उघडे आहे!

आपल्याला हे परके नाही. सातारा जिल्ह्यातील औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांचे संग्रहालय १९३८ पासून औंधात आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातले आटपाडीही त्यांच्याच संस्थानात होते.

तेव्हा गुरुजी, एका शनिवारी पाचसात मुलांना एस्टी स्टँडवरच्या चहाच्या दुकानात न्या. मालकाला आधी विचारा, गिऱ्हाइकाची वाट अडवू नका. किटलीची चोच, बाकड्याचा मोडका पाय, बशीत चहा ओतणारे आजोबा, जे दिसेल ते काढू द्या. रेघ वाकडी आली तरी खोडरबर देऊ नका. रेघ सुधारेल पुढे. आधी नजर बसू द्या. उद्या ते दुकान पाडून गाळे झाले, तर गावाच्या हाती ही वहीच राहील.