शुगर असली की जखम का चिघळते?

दसरा-दिवाळी झाली की आपल्या गेवराई तालुक्यातून कोयते ऊसतोडीला निघतात आणि मागं राहिलेल्या कापूस वेचत असतात. पाचटानं पाय चिरतो, वाळल्या बोंडाचं टोक बोटात जातं. आठ दिवसांत भरून येतं. मग शुगरवाल्या बाईची तीच जखम महिनाभर का चिघळते? 'रक्त गोड झालं' म्हणून आपण सोडून देतो. पण घोटाळा पांढऱ्या पेशींत असतो.

रक्ताच्या रिपोर्टात ज्यांचा आकडा असतो, त्यातल्याच या. जखमेत जंतू शिरले की तिथून सांगावा निघतो. पेशीच्या अंगावर जणू कान असतात. त्यांनी ऐकलं की पेशीच्या आत निरोप हातोहात फिरतो: तिकडं सरक, जंतू गीळ, मार. शुगर बरेच दिवस चढलेली राहिली की हा आतला निरोपच बिघडतो. पेशी उशिरा पोचतात, जंतू पुरते मरत नाहीत. रिपोर्टात आकडा मात्र बरोबर दिसू शकतो. गडी भरपूर, पण काम होईना, तसं.

पुढं याच्या उलटं होतं. जंतू मेल्यावर 'आता थांबा, मांस भरू द्या' हा निरोप लागू पडत नाही. काही पेशी फुटून जंतूंवर जाळं टाकतात; शुगरमध्ये ते जाळं नको तितकं पडतं आणि आपल्याच मांसाला इजा होते. 2015 साली छापलेल्या एका संशोधनात, ज्यांना असं जाळं टाकताच येत नाही अशा मधुमेही उंदरांच्या जखमा लवकर भरल्या.

त्यात पाय बधिर झालेला. दुखत नाही, म्हणून बाई बघतच नाही. हे मला सगळ्यात घातक वाटतं.

शुगर आटोक्यात आली की पेशींचं काम बरंच सुधारतं. तिशीच्या पुढं उपकेंद्रात तपासणी फुकट होते, आशाताईंना विचारा. उपाशीपोटी 126 किंवा वर आलं तर डॉक्टरांना दाखवा. जखमेला चुना, तंबाखू लावू नका. साबण-पाण्यानं धुवा, स्वच्छ फडक्यानं झाका. लाली, सूज, पू दिसला की त्याच दिवशी दवाखाना गाठा, हजेरी बुडाली तरी.

फडावर जाणाऱ्यांनी निघायच्या आधी जास्तीच्या गोळ्या मागून घ्या आणि औषधाची चिठ्ठी सोबत ठेवा. कोपीत रात्री उजेडात तळवे बघा. वाकता येत नसेल तर लेकराला बघायला सांगा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.