पुण्याची सहल आणि घरच्या बाईची पिशवी



शिवरात्र झाली की थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात. सकाळी गारवा, दुपारी ऊन आणि संध्याकाळी पुन्हा बरं वारं, असे हे दिवस. ऊस बहुतेकांचा कारखान्याला गेलेला असतो. उन्हाळी कामांचा रेटा अजून लागलेला नसतो. घरात कुणाची दहावी-बारावी नसेल, तर पोरांना घेऊन दोन दिवस शहर बघून यायला याच्यासारखा काळ नाही. म्हणून आज आपण पुण्याच्या सहलीबद्दल बोलू.

मुरगूड आणि आसपासच्या गावांतल्या आमच्या गटांत एकदा आम्ही सगळ्यांनाच विचारलं, “तुम्ही पुण्याला कशासाठी गेला होता?” उत्तरं आली, दवाखान्यासाठी, लग्नासाठी, नणंदेच्या बाळंतपणासाठी. नुसतं बघायला म्हणून गेलेल्या फार थोड्या निघाल्या. आणि ज्या गेल्या होत्या, त्यांना विचारलं काय पाहिलंत, तर म्हणाल्या, “आम्ही पिशव्या सांभाळत बसलो होतो. पोरं आणि त्यांचे वडील आत जाऊन आले.” मग सहल झाली ती कुणाची?

म्हणून पहिली गोष्ट पिशवीची. घरात एकच मोठी पिशवी भरू नका. ती शेवटी आईच्याच खांद्यावर येते. प्रत्येकाची पिशवी वेगळी. आठ वर्षांचं पोरगंसुद्धा आपले दोन कपडे, टॉवेल आणि पाण्याची बाटली उचलू शकतं. दोन दिवसांना अंगावरचा एक आणि पिशवीतले दोन, एवढे कपडे पुरतात. सुती घ्या. पहाटेच्या एसटीला गार लागतं, म्हणून प्रत्येकाला एक शाल किंवा स्वेटर. उन्हाला डोक्यावर बांधायला स्कार्फ नाहीतर टोपी. सहलीसाठी म्हणून नवीन चप्पल घेऊ नका, ती पहिल्याच दिवशी पाय चावते. रुळलेली घाला.

खायचं नेताना टिकेल तेच न्या. दशम्या, धपाटे, कडक भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भडंग, गुळाचा खडा. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि दहीभात दुपारच्या उन्हात आंबतो, तो नको. पण दोन दिवसांचं सगळं जेवण बांधून नेण्याचा हट्टही नको. त्यासाठी आदल्या रात्री बारापर्यंत चुलीपुढं बसावं लागतं आणि मग एसटीत बाई झोपूनच जाते. पहिल्या दिवसाची शिदोरी न्या, दुसऱ्या दिवशी बाहेर जेवा.

एक लहान पिशवी मात्र स्वतःजवळ ठेवा. तिच्यात सगळ्यांची आधार कार्डं, बीपी-शुगरच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी, मीठ-साखरेची पाकिटं, पॅड, मोबाईलचा चार्जर. पैसे एकाच ठिकाणी ठेवू नका. थोडे तुमच्याकडे, थोडे घरच्यांकडे. मोठा दागिना घरी, गळ्यात काळी पोत पुरे. लहान मुलाच्या खिशात मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला आणि गर्दीत चुकामूक झाली तर कुठं थांबायचं ते आधीच सांगून ठेवा.

आता खर्चाचं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धं, पाचच्या आतल्यांना तिकीट नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई-मामंजींना प्रवास मोफत. म्हणजे घरात पूर्ण तिकीट बहुतेक एकाचंच. फक्त ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे आणि निपाणी कर्नाटकात येतं. तेव्हा आपण कागलवरून कोल्हापूर आणि तिथून पुणे अशी वाट धरावी. सहलीसाठी गटातून कर्ज मात्र काढू नका. कर्ज बियाण्याला, म्हशीला, शाळेच्या फीला. सहलीसाठी महिन्याला दोनशे रुपये वेगळे टाकले, तर वर्षात चोवीसशे होतात आणि ते तुमचे स्वतःचे असतात.

आता तुम्ही म्हणाल, म्हशीची धार कोण काढणार? हाच खरा अडसर आहे. त्यावर तोडगा आपल्या शेतातच आहे. भांगलणीला आपण पैरा करतो, तसाच सहलीचा पैरा करायचा. या आठवड्यात तुम्ही जा, तुमच्या गोठ्याकडं शेजारीण बघेल. पुढच्या पंधरवड्यात ती जाईल, तेव्हा तुम्ही. डेअरीचं पुस्तक, वैरण, पेंड कुठं आहे ते दाखवून ठेवा. शक्य असेल तर दोन दिवस आधी तिला धार काढू द्या, म्हणजे जनावर बुजणार नाही.

आता पुण्यात काय बघायचं? बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण दोन दिवसांत चार-पाच ठिकाणं निवांत बघावीत.

स्वारगेटला उतरलात की तिथूनच जमिनीखालची मेट्रो आहे. पुढचं स्टेशन मंडई, त्यापुढचं कसबा पेठ. पोरांना त्यातच निम्मी सहल झाल्यासारखं वाटतं. सरकत्या जिन्यावर साडीच्या निऱ्या थोड्या वर धरा. भीती वाटली तर लिफ्ट आहे, त्यात कमीपणा काही नाही. कसब्याजवळ शनिवारवाडा आहे. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला, पण दिल्ली दरवाजा आणि तटबंदी उभी आहे.

मंडईपासून थोड्या अंतरावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी गावोगाव हिंडून हजारो वस्तू जमवल्या. तिथं तलवारीही आहेत, पण दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, भांडी आणि पाय घासायच्या वज्रीसुद्धा आहेत. आपल्या आजीच्या हातातल्या वस्तू तिथं काचेच्या कपाटात मानानं ठेवल्या आहेत. त्या पोरांना तुम्ही समजावून सांगा. तिथं मार्गदर्शक तुम्हीच.

दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला तर सगळेच जातात. त्याच्या समोरच भिडेवाड्याची जागा आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथं. जुना वाडा २०२३ च्या डिसेंबरात उतरवला आणि ती जागा स्मारकासाठी घेतली आहे. गणपतीला हात जोडून वळलात की एक मिनिट त्या जागेकडंही बघा. आज आपण गटाच्या इतिवृत्तावर अंगठा न उठवता सही करतो, त्या वाटेची सुरुवात तिथली आहे.

तिथून गंज पेठेतला फुलेवाडा गाठा. ज्या काळी अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना पाणवठ्याजवळ येऊ देत नव्हते, त्या काळी, १८६८ साली, जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. ते गेल्यावर अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं. आणि १० मार्च १८९७ ला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना, त्या स्वतः प्लेगनं गेल्या. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तोही याच विचाराच्या वाटेवरचा.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं कल्याणीनगरला जाऊन आगाखान पॅलेस पाहा. १९४२ च्या लढ्यात गांधीजी आणि कस्तुरबांना इथं कैदेत ठेवलं होतं. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा इथंच गेल्या. त्यांची समाधी बागेत आहे. परतताना पोरांसाठी कात्रजचं प्राणिसंग्रहालय. फक्त ते बुधवारी बंद असतं, तो दिवस टाळा.

एक महत्त्वाचं. बाहेर संडास-मुतारी मिळणार नाही म्हणून आपण दिवसभर पाणीच पीत नाही. मग दोन दिवसांनी लघवीला जळजळ, ताप. हे करू नका. निघायच्या आधी, मेट्रो स्टेशनवर, संग्रहालयात, जिथं सोय दिसेल तिथं जाऊन या आणि पाणी प्या.

नातलगांकडं उतरणार असाल तर आठ दिवस आधी विचारा. जाताना गूळ, काकवी, शेंगा न्या. पण तिथंही दिवसभर ओट्याशी उभं राहू नका, आणि त्या घरच्या बाईलाही राहू देऊ नका. तिलाही सोबत घ्या. पुण्यात राहूनही फुलेवाडा न पाहिलेल्या बायका पुष्कळ असतात.

पुढच्या गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांबरोबर एक विषय वाढवा, सहलीचा पैरा. कोण कुणाच्या गोठ्याकडं बघणार आणि पहिली कोण जाणार, ते त्याच दिवशी इतिवृत्तात लिहा. लिहिलेलं काम होतं, हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे.