गुरुजींची चार पाने

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील क्षमावणी समारंभात केलेले भाषण)



व्याख्यान देणे हा माझा प्रांत नव्हे. बी. कॉम. होऊन मी जो दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत कापडच मोजतो आहे. परंतु विश्वस्तांची आज्ञा झाली आणि विषय निवडण्याची मोकळीकही मिळाली, तेव्हा आपल्या पाठशाळेचे पहिले गुरुजी माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. आज त्यांच्याविषयी आणि त्यांच्या निमित्ताने माझ्या एका अपराधाविषयी बोलणार आहे.

१९७४ साली भगवान महावीरांचे २५०० वे निर्वाण वर्ष देशभर सुरू झाले. त्याच उत्साहात आपला न्यास स्थापन झाला आणि मंदिराच्या ओवरीत पाठशाळा भरू लागली. गुरुजी दिवसा नगरपालिकेच्या शाळेत शुद्धलेखन व निबंध शिकवीत आणि सायंकाळी आम्हां मुलांना धर्मपाठ देत. णमोकार मंत्र, चोवीस तीर्थंकरांची नावे व त्यांची लांच्छने हे तर सर्वच पाठशाळांत शिकवतात. आमच्या गुरुजींचा आणखी एक नियम होता. वर्षातून चार वेळा प्रत्येकाने एक पान लिहायचे. पानाच्या मध्यभागी उभी रेघ ओढायची. डावीकडे आपण केलेले काम आणि उजवीकडे घरातील माणसांशी झालेली वागणूक. पान गुरुजी वाचत नसत. फक्त लिहिले आहे एवढे पाहत आणि परत देत.

पहिले पान श्रुतपंचमीचे, ज्येष्ठ शुद्ध पंचमीचे. धरसेन आचार्यांनी गिरनारच्या चंद्रगुफेत पुष्पदंत व भूतबली या दोन मुनींना आगमज्ञान दिले, कारण केवळ मुखपाठाने जपलेले श्रुत लोप पावेल ही चिंता त्यांना होती. त्या शिष्यांनी रचलेला ‘षट्खंडागम’ ग्रंथ पूर्ण होऊन त्याची पूजा झाली, ती याच तिथीला. पुढे वीरसेनाचार्यांची ‘धवला’ टीका मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके जपली गेली आणि १९३९ पासून डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली आपल्या महाराष्ट्रातील अमरावतीहून तिचे सोळा खंड प्रकाशित होऊ लागले. गुरुजी म्हणत, स्मरणशक्तीवर विसंबू नका. आचार्यही विसंबले नाहीत. मग आपल्या चुका तरी आपल्या लक्षात राहतील हे कशावरून?

कापड दुकानदाराला हा काळ शाळेच्या गणवेशांच्या धावपळीचा. गुरुजींच्या घरीही शाळा उघडण्याची गडबड असे. दुसरे पान क्षमावणीचे, म्हणजे आजचे. बाहेर पाऊस, बाजारात मंदी आणि मंदिरात दशलक्षण पर्वाची गर्दी. तिसरे पान दीपावलीचे. पहाटे निर्वाण लाडू अर्पण करायचा आणि सायंकाळी वहीपूजन. चौथे पान चैत्र शुद्ध त्रयोदशीचे, महावीर जयंतीचे. लग्नसराईची गिऱ्हाइके दारात उभी असताना व आर्थिक वर्षाचे हिशेब नुकतेच मिटले असताना लिहायचे, म्हणून ते सर्वांत कठीण.

मी कॉलेजात गेलो आणि पाने लिहिणे बंद झाले. पुढे दुकान, विवाह, मुले असा संसार वाढत गेला. चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हणून माझा डबा दुकानातच येई. नियम पाळला गेला, पण चार महिने मुलांच्या पंगतीला वडील नसत. हे उजव्या बाजूला लिहिण्यासारखे होते, परंतु लिहिणार कोण?

वडील वारल्यानंतर काही वर्षांनी आम्हां दोघा भावांची वाटणी झाली. दुकान मला, मागची वखार आणि थोडी रोकड धाकट्याला, माल निम्मा-निम्मा. राहिली उधारी. खतावणी मी लिहीत होतो. कोणत्या खात्याची रक्कम येणार आणि कोणते खाते बुडाले आहे, हे मला ठाऊक होते, त्याला नव्हते. आकडे समान ठेवून मी बुडीत नावे त्याच्या यादीत टाकली. कागदावर दोन्ही बाजू पैशापर्यंत जुळत होत्या. पंचांनी माझ्या हिशेबाचे कौतुक केले. भावाने विश्वासाने सही केली.

त्याला कळायला दोन वर्षे लागली. त्यानंतर त्याने माझ्या घरचा उंबरठा ओलांडला नाही. आई दोन घरांत सहा-सहा महिने राहू लागली. तिने मला कधी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

दरवर्षी क्षमावणीला मी पाचशे छापील पत्रे पाठवीत असे. ‘जाणता-अजाणता मन दुखावले असल्यास उत्तम क्षमा’ असा मजकूर असे. सुरतेच्या व्यापाऱ्यांना पत्र जाई, आडत्यांना जाई, ज्यांचे तोंडही पाहिले नाही त्यांना जाई. भावाच्या नावाचे पाकीट मी दरवर्षी लिहून ठेवी आणि टपालात टाकीत नसे. ‘जाणता-अजाणता’ या शब्दांआड लपणे सोपे होते. मी तर सर्व जाणूनच केले होते.

गुरुजींच्या निधनानंतर त्यांच्या कन्येने मला घरी बोलावले. वडिलांच्या वह्या न्यासाच्या ग्रंथालयाला द्याव्यात का, एवढेच तिला विचारायचे होते. मी सहज एक वही उघडली. आम्हांला दिलेला नियम गुरुजी स्वतः आयुष्यभर पाळत होते. एका श्रुतपंचमीच्या पानावर डावीकडे लिहिले होते की नव्या वर्गाच्या साऱ्या वह्या तपासून झाल्या. उजवीकडे होते की स्वतःच्या मुलीची वही आठवडाभर तपासायची राहून गेली आणि ती वाट पाहून झोपली. एका दीपावलीच्या पानावर पत्नीला रागाने बोललेला शब्द जसाच्या तसा लिहिला होता आणि पुढे तारीख घातली होती: तिची क्षमा मागितल्याची. मोघम असे एकही वाक्य नव्हते. कन्या म्हणाली, “बाबांनी मला हे पान दाखवून माझी क्षमा मागितली होती. मी तेव्हा आठ वर्षांची होते.”

बंधु-भगिनींनो, तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘कूटलेखक्रिया’ सांगितली आहे, म्हणजे खोटे लिहिणे. पाठशाळेत मी तो शब्द पाठ केला होता. माझ्या खतावणीत एकही आकडा खोटा नव्हता, तरीही ती कूटलेखक्रियाच होती, हे मला त्या वहीपुढे बसून उमगले.

त्या वर्षी क्षमावणीला मी छापील पत्रे मागवली नाहीत. एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने भावाला पत्र लिहिले. त्यात बुडीत खात्यांची अकरा नावे आणि प्रत्येकाची रक्कम लिहिली. हे मला वाटणीच्या दिवशी ठाऊक होते, असेही लिहिले. निम्मी रक्कम मी देणे लागतो व ती तीन दीपावलींत फेडीन, एवढे लिहून सही केली. टपालपेटीपाशी बराच वेळ उभा होतो.

महिनाभर उत्तर आले नाही. दीपावलीला वहीपूजन सुरू असताना भाऊ दुकानात आला आणि गादीच्या कडेला बसला. खिशातून माझेच पत्र काढून म्हणाला, “दादा, यातली तीन खाती मी नंतर वसूल केली होती. तुला कळवले नव्हते. ती वजा कर.” आम्ही दोघांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर उरलेल्या आठ खात्यांचा हिशेब मांडला. हे पाहायला आई राहिली नव्हती. तो विलंब माझ्याच खाती आहे आणि तो फिटणारा नाही.

आता वहीच्या जागी संगणक आला आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटीचे विवरण वेळेवर न भरल्यास दंड होतो, म्हणून आपण ते चुकवत नाही. घरच्या हिशेबाला दंडाची तारीख नसते, म्हणून तो राहून जातो. क्षमेचे संदेशही आज मोबाईलवरून एका क्षणात शेकडो जणांना जातात. त्यात वावगे काही नाही; पण ज्याची क्षमा खरोखर मागायची आहे, तो त्या शेकड्यात सापडत नाही.

न्यासाला माझी नम्र विनंती आहे की सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने पाठशाळेत चार पानांचा नियम पुन्हा सुरू करावा. मुलांच्या वह्यांचा खर्च आम्ही दोघे भाऊ मिळून करू. मोठ्यांसाठी वेगळी योजना नको. आज घरी गेल्यावर एक कोरा कागद घ्यावा, मध्ये रेघ ओढावी आणि उजव्या बाजूला एकच नाव लिहावे. पुढे काय लिहायचे, ते आपल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

माझ्या बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास आपण उदार मनाने क्षमा करावी.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.