कार्बनच्या काठीला कोणती टिप लावावी?



पत्रिकेत आमच्या नावापुढे छापलेला विषय वाचून ही छापखान्याची चूक असावी, अशी पुष्कळांची समजूत झाली असेल. आदल्या सायंकाळी वेदान्तावर बोलणे व्हावे आणि आज आम्ही पूल नावाच्या खेळातल्या काठीच्या टोकावरच्या तेरा मिलिमीटर चामड्याविषयी बोलावे, हे विसंगत दिसते खरे. पण ज्या गावात बाराव्या शतकातले कालिकादेवीचे देऊळ उभे आहे, त्या गावाला छिन्नीच्या टोकाचे महत्त्व आम्ही सांगावे असे नाही. हत्यार केवढेही असो, काम करते ते टोक.

हा खेळ साहेबी आहे, आपला नव्हे, असाही एक आक्षेप येतो. पुलाचा सख्खा भाऊ जो स्नूकर, तो १८७५ साली जबलपुरास लष्करी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात जन्मला. नेव्हिल चेंबर्लेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे त्याचे श्रेय जाते. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले ते चेंबर्लेन निराळे; दोघांची गल्लत पुष्कळदा होते. हेच जबलपूर आणि आपला वऱ्हाड १९०३ पासून एकाच प्रांतात नांदले. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास बिलियर्ड्‌सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले आणि १९६४ साली ते पुन्हा जिंकले. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीनदा जगज्जेते झाले. पंकज अडवाणी यांचा जन्मही पुण्याचाच. तेव्हा खेळ परका राहिलेला नाही. परके आहे ते कार्बन, आणि आजचा घोटाळा सारा तेथूनच सुरू होतो.

या काठीला खेळाडू क्यू म्हणतात. तिचा पुढचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट. तो शतकानुशतके लाकडाचा असे. पुलाच्या क्यूसाठी बहुधा मेपलचा. टोकाला शेंबी, आपल्या आजोबांच्या काठीला असते तशीच, आणि शेंबीवर चिकटविलेली चामड्याची चकती म्हणजे टिप. २०१६ साली अमेरिकेतील प्रेडेटर कंपनीने रेव्हो नावाचा कार्बन धाग्यांचा शाफ्ट बाजारात आणला आणि तेव्हापासून जो तो काळ्या काठीच्या मागे लागला. कोळशासारखे काळेभोर, केसाहूनही बारीक असे कार्बनचे धागे राळेत भिजवून, थरावर थर देऊन त्याची पोकळ नळी करतात. ती हलकी असते, ताठ असते, आणि आपल्या दृष्टीने मुख्य म्हणजे उन्हापावसाने वाकत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर आणि श्रावणात भिंतींना ओल, अशा अकोला जिल्ह्यात लाकडी क्यूचे जे हाल होतात ते आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून कार्बनला आम्ही उगाच नावे ठेवणार नाही. पण चांगल्या शाफ्टची किंमत ढोबळ मानाने चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाते. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरातला मुलगा तो घेतो, तेव्हा घरात काय काय मागे पडते ते तुम्हांला सांगायला नको.

आता टिप नेमके काय करते? १९व्या शतकाच्या आरंभापर्यंत लाकडाचे उघडे टोकच चेंडूला मारीत. चेंडूच्या मध्यापासून जरा बाजूला मारले की टोक घसरलेच. फ्रांस्वा मिंगो या फ्रेंच गृहस्थाने टोकाला चामडे लावले. हे त्याला तुरुंगात सुचले अशी कथा सांगतात. चामडे आणि त्यावर घासलेला खडू यांमुळे टोक चेंडूला क्षणभर धरून ठेवते आणि चेंडूला फिरकी देता येते. हा क्षण एक हजारांश सेकंदाच्या आसपासचा. डोळ्याचे पाते लवायला त्याच्या शेकडो पट वेळ लागतो. आणि धरण्यालाही मर्यादा आहे. पुलाचा चेंडू ५७ मिलिमीटर व्यासाचा. मध्यापासून साधारण १४ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्येच्या निम्म्याने, बाजूला गेलात की कितीही चांगली टिप असली तरी ती घसरणार. कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने १८३५ सालीच या खेळाच्या गणितावर ग्रंथ लिहून ठेवला आहे.

येथे एक भ्रम सांगून टाकतो, कारण त्याच्यापायी पैसा जातो. मऊ टिपेने फिरकी जास्त मिळते, असे दहापैकी नऊ खेळाडू शपथेवर सांगतील. तसे नाही. फिरकी मिळते ती तुम्ही चेंडूच्या मध्यापासून किती दूर आणि किती वेगाने मारता त्यावर. खडू नीट लागला असेल तर कठीण टिपही तेवढीच फिरकी देते. फरक हा की मऊ टिप आघाताचा थोडा भाग स्वतः गिळते, म्हणून त्याच जोराला चेंडू किंचित कमी धावतो. ती खडू चांगला धरते, पण लवकर दबते आणि कडेने भूछत्रासारखी पसरते. कठीण टिप आकार टिकविते, मात्र खडूची हयगय केलीत तर ती क्षमा करीत नाही. उरतो प्रश्न हाताला काय जाणवते आणि कानाला काय ऐकू येते याचा. कार्बनच्या काठीत तोच मोठा. नळी पोकळ आणि ताठ. तिला लाकडासारखी लांब शेंबी नसते, टिपेखाली एक पातळ चकती असते इतकेच. त्यामुळे फार कठीण टिप लावली की ठोका कोरडा, पत्र्यावर मारल्यासारखा वाजतो. लाकडाची सवय असलेला हात त्याने बिचकतो आणि नेम चुकू लागतो.

म्हणून लाकडावरून कार्बनवर येणाऱ्याला आम्ही मध्यम टिप सांगतो, किंवा मध्यमाच्या जरा अलीकडची. वर्षभराने हात स्थिरावला की खुशाल कठीण घ्यावी. थरांची टिप, म्हणजे पातळ चामड्याचे अनेक थर दाबून केलेली, एकजात सारखी निघते. एकाच जाड तुकड्याची जुनी टिप स्वस्त पडते, पण दहांत दोन पोचट निघतात. नामांकित जपानी थरांच्या टिपेला दीड-दोन हजार पडतात, साधीला शंभराच्या आसपास. दोन हजारांच्या टिपेने खेळ वीसपट सुधारतो, असे मात्र आम्हांला एकदाही दिसलेले नाही.

टिपेला गोलाई किती द्यावी? अमेरिकेत त्यांच्या पाच सेंटांच्या नाण्याचे माप सांगतात. आपल्याकडे एक रुपयाचे नाणे घ्यावे. जवळजवळ तेच माप. टिपेच्या कडेवर रुपया उभा धरून पाहावे, वळण जुळले की झाले.

बसविण्याच्या बाबतीत मात्र आमचा स्वतःचा अपराध येथे कबूल करतो. लाकडी क्यूला टिप बसविली की कडेची वाढ पॉलिश कागदाने घासून काढायची, ही आमची वर्षानुवर्षांची सवय. एका स्नेह्याच्या नव्या कार्बन शाफ्टला आम्ही तीच रीत लावली. दोन मिनिटांत चकाकी गेली, टोकाजवळ धागे उघडे पडले आणि बोटे दोन दिवस खाजत राहिली. लाकूड घासले तर पुन्हा गुळगुळीत होते. कार्बन होत नाही. त्याची काळी धूळ कातडीला आणि फुफ्फुसाला दोहोंना वाईट. स्नेही काही बोलले नाहीत, आणि त्याचेच अधिक वाईट वाटले. तेव्हापासून आम्ही टिप व्यासाला केसभर मोठी घेतो, शाफ्टच्या टोकाभोवती चिकटपट्टीचे दोन वेढे देतो आणि जास्तीचे चामडे धारदार पात्याने टिपेकडून बाहेर, शाफ्टला पाते न लागू देता, उतरवितो. चांभाराची रापी ज्याने हातात धरली आहे त्याला हे एका वेळेत जमते. महागडे यंत्र घेण्याची गरज नाही. जुनी टिप काढताना टोकाला आंच दाखवू नये, राळ नरम पडते. आणि टिप झिजून मिलिमीटर-दीड मिलिमीटर उरली की ती बदलावीच. तीन महिने जास्त चालवू म्हणून थांबलात, तर खालची चकती फुटते आणि मग शंभराच्या जागी हजारांचे काम निघते.

आता ज्या प्रश्नामुळे हे व्याख्यान द्यावेसे वाटले, त्याकडे येतो. अकोल्यास टेबलाजवळ उभे असता एका मुसलमान विद्यार्थ्याने आम्हांला बाजूला घेऊन हळूच विचारले, "सर, हे टिप डुकराच्या चामड्याची राह्यते म्हंतात, खरं काय?" तो दोन वर्षे त्याच टिपेने खेळत होता. खेळताना आपण बोटांनी टिप चाचपतो, खडू लावतो, त्याच हाताने पाणी पितो. आम्ही क्षणभर गप्प राहिलो, कारण इतकी वर्षे टिपा बसवूनही हा विचार आमच्या मनात आला नव्हता. उत्तर मात्र सरळ होते आणि ते आम्ही दिले: होय, थरांच्या बहुतेक टिपा डुकराच्या कातड्याच्या असतात. त्याचा चेहरा उतरला. ही गोष्ट पाकिटावर ठळक लिहिलेली नसते आणि दुकानदारालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

त्याला आम्ही गाई-म्हशीच्या कातड्याची एकजात तुकड्याची टिप सुचविली. तो जरा हसला आणि म्हणाला, "मंग आता आमच्या जैन दोस्ताले काय सांगाल?" त्या मित्रासाठी चामड्याशिवाय बनविलेल्या कृत्रिम टिपा आहेत, पण फोडणीच्या फटक्यासाठी वापरतात ती राळेची दगडासारखी टिप रोजच्या खेळाला चालत नाही, हे पाहून घ्यावे. एके काळी या खेळाचे चेंडूच हस्तिदंताचे होते आणि त्यासाठी हत्ती मारले जात. १८६९च्या सुमारास अमेरिकेत हायट याने सेल्युलॉइडची वाट काढली, तेव्हा त्या चेंडूंनाही जाणत्यांनी आधी नाकेच मुरडली होती. तेव्हा चामड्यावाचून खेळ होत नाही असे छातीठोकपणे आम्ही म्हणणार नाही. आज मात्र चामडेच सरस आहे. कोणते चामडे, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे आणि दुकानदाराने तो हसण्यावारी नेऊ नये.

त्या मुलाच्या काठीला आम्ही पुढच्या रविवारी म्हशीच्या चामड्याची टिप बसविली. पहिली पोचट निघाली, म्हणून काढली. दुसरी चांगली लागली. चारसहा दिवस त्याचे चेंडू आखूड पडत होते, मग हात बसला.

एक व्यावहारिक सूचना राहिली. कार्बन उन्हाला दाद देत नसला, तरी टिप आणि तिचा डिंक देतात. मोटारसायकलला बांधून भर दुपारी क्यू बाहेर ठेवू नका. चामडे वाळून कडक होते आणि टिप सुटते. पावसाळ्यात ती ओल धरून फुगते. तेव्हा खेळ झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि पिशवीत घाला.

सोबत मऊ, मध्यम आणि कठीण अशा तीन टिपा, एक रुपयाचे नाणे आणि आम्ही खराब केलेल्या त्या शाफ्टचा तुकडा आणला आहे. तो या मेजावर ठेवतो. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पुढे यावे. उघड्या धाग्यांवरून मात्र बोट फिरवू नये.